कारखान्याच्या फरशीखाली पाइप गळतोय? आधी मोजा, मग खणा

या वेळच्या व्हिडिओत आपण हमरापूरच्या एका घरगुती गणपती कारखान्यात गेलो होतो. पुढे घर, मागे कारखाना. दादांची तक्रार एकच होती: "मूर्ती सुकत नाहीत, पीओपीच्या गोण्या खालून दगड होतात. पावसाची ओल असेल." पण ती पावसाची ओल नव्हती. फरशीखालून गेलेला पाण्याचा जुना लोखंडी पाइप गळत होता.

हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरोघरी कारखाने आहेत. पण तुमचा मसाल्याचा, पापडाचा किंवा शिलाईचा घरगुती व्यवसाय असेल तरी हा धडा तुमच्यासाठी आहे.

खरं नुकसान कुठे होतं?

पीओपी पाणी शोषून घट्ट होतं, हाच त्याचा गुण. पण गोणी ओल्या जमिनीवर ठेवली तर हेच काम गोणीतच सुरू होतं. गाठी झालेला माल साच्यात नीट धरत नाही. तयार कच्ची मूर्ती बुडातून ओल ओढते, कमजोर होते आणि वर दिलेला रंग फुगून सुटतो. शाडूची मूर्ती तर मऊच पडते. म्हणजे गळतं पाणी, पण बुडतो माल.

पायरी 1: रात्री टाकी मोजा

रात्री 10 वाजता सगळे नळ आणि मोटर बंद करा. टाकीत काठी उभी धरून पाण्याची खूण करा. सकाळी 6 वाजता पुन्हा बघा. 1 मीटर रुंद गोल टाकीत 1 सेंटीमीटर म्हणजे साधारण 8 लिटर.

दादांच्या टाकीत 8 तासांत 12 सेंटीमीटर पाणी उतरलं. 96 लिटर! तासाला 12, दिवसाला 288, महिन्याला 8,640 लिटर. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरतात. म्हणजे पाच माणसांचं पाणी रोज फरशीखाली जात होतं.

दुसऱ्या रात्री टाकीखालचा कॉक बंद करून हेच करा. पातळी उतरली नाही तर दोष पाइपात. तरीही उतरली तर आधी टाकी आणि तो कॉक तपासा. ही परीक्षा भर पावसातही चालते, कारण इथे आपण भिंत नाही, टाकी बघतोय.

पायरी 2: गळती कुठे आहे ते शोधा

मध्ये कॉक असतील तर एकेक बंद करत जा. कुठला भाग बंद केल्यावर पातळी स्थिर राहते ते लिहून ठेवा. ओला डाग दिसला म्हणून तिथेच पहार मारू नका. पाणी पाइपाच्या चरीतून वाहत जाऊन लांब वर येतं. सगळं शांत असताना लोखंडी सळईचं एक टोक कॉकवर आणि दुसरं कानाशी धरा. पाइपात दाब असेल तर बारीक सुरसुर ऐकू येते.

खणण्याआधी मेन स्विच बंद करा. जुन्या घरांत वायरही त्याच चरीतून गेलेली असते.

रस्त्याकडून येणारी लाइन गळत असेल तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे टाळू नका. पाणी बंद असताना त्याच भोकातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि तेच पाणी तुम्ही पिता.

पायरी 3: जोड की नवीन लाइन?

इथे बहुतेक जण फक्त प्लंबरचं बिल बघतात. आपण पूर्ण हिशेब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

- क्लॅम्प मारून दुरुस्ती: 1,200 रुपये
- खराब 6 गोण्या, प्रत्येकी 250: 1,500 रुपये
- पुन्हा कराव्या लागलेल्या 10 कच्च्या मूर्ती, प्रत्येकी 300: 3,000 रुपये
- चार कामगारांचा एक रिकामा दिवस, प्रत्येकी 700: 2,800 रुपये

एकूण 8,500 रुपये. समजा नवीन लाइनचा खर्च 8,000 आहे. क्लॅम्प स्वस्त दिसतो, पण पाइप दुसऱ्या जागी एकदा जरी फुटला तरी हा पूर्ण फटका पुन्हा बसतो. पाइप एकाच जागी गळत असेल आणि बाकी धड असेल तर जोड मारा. गंजून जागोजागी पातळ झाला असेल तर बदला. खारेपाटाच्या जमिनीत लोखंड लवकर गंजतं. एचडीपीई पाइपाचं लांब वेटोळं मिळतं, त्यामुळे जमिनीत जोड कमी येतात. शक्य असेल तर लाइन भिंतीवरूनच न्या, म्हणजे गळती लगेच दिसेल.

मोठं काम विसर्जनानंतरच्या निवांत आठवड्यांत काढा. ऑर्डरी अंगावर असताना फरशी फोडू नका. तोवर टाकीचा कॉक फक्त गरजेपुरता उघडा आणि गोण्या आजच लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा.

दादांनी लाइन बदलली. त्यानंतर पुन्हा टाकी मोजली, तेव्हा आठ तासांत खूण जागेवरच होती. प्लंबर "झालं" म्हणाला की पैसे देऊ नका, खूण बघून द्या.

गृहपाठ: आज रात्री तुमची टाकी मोजा, आकडा खर्चाच्या वहीत लिहा आणि दर महिन्याच्या 1 तारखेला हेच करा. वहीत न लिहिलेला खर्चसुद्धा नफ्यातूनच जातो.

भेटू पुढच्या धड्यात!