घटक ४ : चित्रपुस्तके आणि बालकाचे भावविश्व

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांतील भेद सांगता येईल.
• चित्रपुस्तकात भावना कशी साकार होते, हे भारतीय भावसंकल्पनेच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• मुंबईतील बालशिक्षण व बालरंगभूमी यांचा या साहित्यप्रकाराशी असलेला संबंध विशद करता येईल.
• एखाद्या चित्रपुस्तकाचे मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रस्तावना

चार वर्षांच्या मुलाला राग येतो, भीती वाटते, मत्सर वाटतो. मात्र या अवस्थांना नावे असतात, हे त्याला ठाऊक नसते. ते वस्तू फेकते, आईला चिकटून राहते किंवा धाकट्या भावंडाला चिमटा काढते. अशा वेळी मोठ्यांच्या तोंडी ठरावीक वाक्ये येतात : ‘मुलगा असून रडतोस?’, ‘गप्प बस, नाहीतर बागुलबुवा येईल.’ पहिल्या वाक्यात दुःखाला लाजेने झाकले जाते, तर दुसऱ्यात एका भावनेवर दुसरी, अधिक तीव्र भावना लादली जाते. मूल गप्प होते. पण त्याची भावना शमलेली नसते, ती केवळ निःशब्द झालेली असते.

आपल्यापैकी अनेक जण पालक आहेत, काही जण अंगणवाडीत किंवा बालवाडीत काम करीत असतील. म्हणून या घटकाकडे केवळ परीक्षेच्या दृष्टीने पाहू नये. निःशब्द झालेल्या भावनेला शब्द आणि रूप देण्याचे काम साहित्य कसे करते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

४.२ चित्रपुस्तक : स्वरूप

सचित्र पुस्तकात गोष्ट शब्दांतच पूर्ण होते. चित्र तिची शोभा वाढवते. चित्रपुस्तकात मात्र शब्द आणि चित्र मिळून एकच कथन घडते. एक काढून घेतले, तर दुसरे अपुरे राहते. समजा, पानावर वाक्य आहे : ‘मला मुळीच भीती वाटली नाही.’ चित्रात मात्र मुलाने आजीचा पदर मुठीत घट्ट धरला आहे. खरा अर्थ या दोहोंच्या विसंगतीत आहे. मोठे माणूस शब्द वाचत असताना मूल चित्र वाचत असते. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही वाचकाचा अधिकार मिळतो. ‘हा खोटं बोलतोय, त्याला भीती वाटतेय,’ असे ते सांगू शकते. स्वतःच्या भीतीविषयी बोलण्याआधी दुसऱ्याच्या भीतीविषयी बोलणे सोपे असते.

युरोपात कोमेनियसचे ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा हेतू वस्तुज्ञान देणे हा होता. भावनेला केंद्रस्थानी आणणाऱ्या चित्रपुस्तकांमध्ये अमेरिकन चित्रकार-लेखक मॉरिस सेन्डाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकाचे स्थान महत्त्वाचे आहे. दंगा केल्यामुळे उपाशी झोपायला पाठवलेला मॅक्स कल्पनेने अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो आणि शेवटी घरी परततो. तेव्हा त्याचे जेवण त्याची वाट पाहत असते, आणि ते अजून गरम असते. कल्पनाविश्व वाढत जाते तसतशी चित्रे मोठी होत जातात आणि अखेर शब्दांना जागाच उरत नाही. रागावलेल्या मुलाला सुधारलेले येथे दाखवलेले नाही. रागातून जाऊन परत येता येते, हे दाखवले आहे.

४.३ भावसंकल्पनेचा उपयोग

नाट्यशास्त्रात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे आठ स्थायी भाव सांगितले आहेत. विभाव म्हणजे भावाचे कारण, अनुभाव म्हणजे त्याचे शरीरावर दिसणारे परिणाम आणि व्यभिचारी भाव म्हणजे मध्येच येऊन जाणाऱ्या भावच्छटा. ही मांडणी नाट्यासाठी केलेली असली, तरी चित्रपुस्तकाच्या विश्लेषणास ती उपयुक्त ठरते.

शब्द बहुधा विभाव सांगतात : ‘आज आई कामावर गेली.’ चित्र अनुभाव दाखवते : उतरलेले खांदे, न खाल्लेला खाऊ, दाराकडे लागलेली नजर. पाने उलटताना व्यभिचारी भावांची ये-जा दिसते : आशा, चिडचिड, थकवा. मुलाला आपल्या मनातले दिसत नाही. पण ओठ दुमडलेला चेहरा त्याला ओळखता येतो. चित्रपुस्तक अनुभावाकडून भावाकडे नेते, म्हणूनच ते बालवयाला अनुरूप असते.

येथे एक मर्यादाही लक्षात घ्यावी. रससिद्धान्तातील सहृदयाच्या ठायी पूर्वानुभवांचे संस्कार असतात. बालवाचकाचे अनेक अनुभव प्रथमच घडत असतात. त्यामुळे त्याला आस्वादाइतकीच आश्वासनाचीही गरज असते.

४.४ मुंबईची पार्श्वभूमी

विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुंबईत ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले. ज्ञान आणि नीती हा त्याचा पाया होता. मुलाच्या मनाकडे स्वतंत्रपणे पाहण्याची दृष्टी पुढे बालशिक्षणाच्या चळवळीतून आली. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केले. भय आणि लालूच या दोन्हींना बालशिक्षणात स्थान नसावे, ही या विचारपरंपरेची भूमिका होती. प्रस्तावनेतील बागुलबुवा या भूमिकेच्या नेमका विरुद्ध उभा आहे.

म्हणजे मुलांच्या साहित्यातून भय वगळावे काय? बालरंगभूमीने याचे उत्तर दिले आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ स्थापन केले. पुढे रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकात दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेली चेटकीण मुलांच्या विशेष आवडीची झाली. घरातला बागुलबुवा मुलाला गप्प करण्यासाठी वापरला जातो, त्याच्यावर मुलाचे नियंत्रण नसते. रंगमंचावरची चेटकीण मात्र चौकटीत असते. आईचा हात धरून तिला घाबरता येते आणि हसताही येते. पुस्तकाचे पान हीदेखील अशीच चौकट आहे. ते मिटताही येते.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या माधुरी पुरंदरे या आज मराठीतील चित्रपुस्तकांचे महत्त्वाचे नाव आहे. लेखन आणि चित्रे या दोन्ही बाजू त्या स्वतः सांभाळतात. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ‘मोठी शाळा’, ‘हात मोडला’, ‘कंटाळा’ ही त्यांच्या पुस्तकांची शीर्षकेच पाहा. राजपुत्र आणि राक्षस यांच्या जागी येथे मुलाच्या रोजच्या जगण्यातील प्रसंग येतात.

४.५ एक कल्पित नमुना

आता आपण एक चित्रपुस्तक कल्पू. गिरगावातील चाळीत दीड दिवसाचा गणपती आहे. विसर्जनासाठी घरची मंडळी चौपाटीवर जातात आणि पाटावर थोडी वाळू घेऊन परततात. रिकामे मखर पाहून पाच वर्षांची मुलगी रडू लागते.

पहिल्या आराखड्यात आजोबा म्हणतात, ‘शहाणी मुलं रडत नाहीत.’ मुलगी डोळे पुसते आणि गोष्ट संपते. दुसऱ्या आराखड्यात आजोबा तिच्याशेजारी जमिनीवर बसतात. ‘मलाही घर रिकामं वाटतंय,’ असे म्हणतात. पुढच्या पानावर शब्द नाहीत. दोघे मखराचे दिवे सोडवत आहेत. अखेरच्या पानावर मुलगी उरलेला मोदक आजोबांना देते आणि विचारते, ‘पुढच्या वर्षी मी पाट धरू?’

दुसऱ्या आराखड्यात दुःख नाकारलेले नाही. त्याला सोबत मिळाली, हातांना काम मिळाले आणि काळाची दिशा मिळाली. बाप्पाला निरोप देतानाच पुढच्या वर्षीचे निमंत्रण देण्याच्या आपल्या प्रथेत वियोग सहन करण्याची ही रीत आधीपासूनच आहे. लेखकाने ती केवळ मुलाच्या उंचीवरून पाहिली आहे.

४.६ मूल्यमापनाचे निकष

१. भावनेचे कारण मुलाच्या अनुभवकक्षेतील आहे काय?
२. चित्र शब्दांत नसलेले काही सांगते काय?
३. गोष्टीतील मोठी माणसे ऐकतात, की केवळ उपदेश करतात?
४. शेवटी भावनेला वाट मिळते, की तिला शिक्षा होते?
५. संवादांची भाषा घरात बोलली जाणारी आहे काय?

वाचून दाखवताना तात्पर्य विचारू नये. ‘याला काय झालं असेल?’ एवढाच प्रश्न करून थांबावे. मुलाने उत्तर दिलेच पाहिजे, असा आग्रह नसावा. तसेच पुस्तक म्हणजे औषध नव्हे. मुलाची भीती किंवा उदासी दीर्घकाळ टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

४.७ सारांश

चित्रपुस्तकात शब्द व चित्र मिळून अर्थ घडवतात. चित्रातील अनुभावांवरून मूल भाव ओळखते आणि त्याला नाव देण्यास शिकते. चांगले चित्रपुस्तक भावना दडपत नाही. सुरक्षित चौकटीत तिचा अनुभव देते आणि मुलाला परत घरी आणते.

४.८ स्वाध्याय

अ) ‘बागुलबुवा’ आणि ‘रंगमंचावरची चेटकीण’ यांतील भेद सुमारे १०० शब्दांत स्पष्ट करा.
आ) विभाव व अनुभाव या संकल्पनांच्या आधारे कोणत्याही एका चित्रपुस्तकाचे विवेचन करा.
इ) उपक्रम : आपल्या परिसरातील एका मुलाला चित्रपुस्तक वाचून दाखवा. आपण वाचत असताना ते चित्रांविषयी जे बोलेल, ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. शब्दांत नसलेले काय त्याने चित्रात वाचले, याची नोंद करा.