शेजारी बसून वाचताना

पाठ्यभाग : प्रेषितांची कृत्ये 8:26-40



गेल्या पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर, संध्याकाळच्या अभ्यासवर्गात, माझ्याकडून एक चूक झाली. त्यातून जे शिकले तेच या अंकातल्या पाठात मांडते.

दुसरीतला एक मुलगा. घरी पावरी बोलतो, शाळेचे पुस्तक मराठी. मी त्याच्या हाती मोबाइल दिला, त्यावर एक बोलती गोष्ट लावून दिली आणि दुसऱ्या मुलांकडे वळले. आठवडाभर हेच चालले. शनिवारी त्याने अख्खी गोष्ट धडाधड म्हणून दाखवली. मला फार आनंद झाला. मग सहज म्हणून मी चित्र हाताने झाकले आणि एका शब्दावर बोट ठेवले. तो गप्प! गोष्ट पाठ झाली होती. वाचता मात्र येत नव्हते.

त्याला न्यायला आई आली होती. ती कधी शाळेत गेलेली नाही. ती शेजारी टेकली, चित्रातल्या मुलीच्या डोक्यावरचा हंडा पाहिला आणि पावरीत त्याला विचारू लागली. ही कुठे चालली? पाणी किती लांब असेल? एकटीच का? मुलगा भराभर बोलू लागला. मी म्हटले, “आता ‘पाणी’ कुठे लिहिलंय ते शोध बरं.” त्याचे बोट ओळीवरून सरकत एका जागी थांबले. “हा ‘पाडा’तला ‘पा’,” तो म्हणाला. अंगणवाडीच्या पाटीवर तो शब्द त्याने रोज पाहिला होता.

वाचायला दोन गोष्टी लागतात. अक्षराचा आवाज ओळखता यावा, आणि शब्दाचा अर्थ मनात उभा राहावा. पहिली शिक्षक शिकवतात. दुसरी गप्पांतून येते, आणि गप्पा घरच्या भाषेत होतात. आपल्या आदिवासी मुलांकडे शब्दांचा साठा मोठा असतो. तो मराठीत नसतो इतकेच. पावरी देवनागरीत लिहिता येते, म्हणून एकदा शिकलेला ‘पा’ दोन्ही भाषांत कामी येतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे आहे. यातला ‘समजून’ हा शब्द महत्त्वाचा.

इंटरनेटवर यासाठी चांगले साहित्य मोफत मिळते. ‘प्रथम बुक्स’ने 2015 साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह अनेक भाषांत चित्रगोष्टी आहेत. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, आपल्या बोलीत भाषांतरही करता येते. त्याला परवानगी आहे. नवशिक्यांसाठी पहिल्या पातळीच्या गोष्टी निवडाव्यात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य उघडते. पाड्यावर रेंज नसते, म्हणून मी तालुक्याच्या गावी गोष्टी उतरवते, छापते आणि पिना मारून पुस्तिका करते. कागद चार्जिंग मागत नाही!

आता पाठ्यभागाकडे वळू. हबशी अधिकाऱ्याला वाचता येत होते आणि यशयाचे पुस्तकही त्याच्या हाती होते. तरी अर्थ लागेना. म्हणून त्याने फिलिप्पाला रथात चढून आपल्याजवळ बसण्याची विनंती केली. फिलिप्पाने सुरुवात केली तीही त्याच्याच हातातल्या उताऱ्यापासून. मी मुलाच्या हाती पुस्तक दिले होते, पण त्याच्या रथात चढले नव्हते. ते त्या आईने केले, एक अक्षर वाचता येत नसताना.

मग आपण काय करावे?

रोज 10 मिनिटे मुलाच्या शेजारी बसा. आधी चित्रावर बोला, तेही त्याच्या भाषेत. मग गोष्ट वाचा आणि प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवा. शेवटी एकच शब्द निवडा आणि तो पानावर शोधायला सांगा. आवाज लावून मोबाइल त्याच्या हाती देऊन उठून जाऊ नका. आईवडिलांना वाचता येत नसेल तर त्यांना चित्र दाखवून प्रश्न विचारायला सांगा. त्यांना हे छान जमते.

मंडळीतले अनेक जण विचारतात, “टॅबलेट पाठवू का?” पाठवा, हरकत नाही. पण त्याआधी छपाईचा कागद पाठवा, आणि जमले तर महिन्यातून एक शनिवार स्वतः या.

तो मुलगा आता छोट्या गोष्टी अडखळत का होईना, स्वतः वाचतो. आई अजूनही शेजारी बसते. परवा तिने ‘पाणी’वर बोट ठेवून मला वाचून दाखवले.

चिंतनासाठी प्रश्न

1. आपल्या घरातले मूल शेवटचे कोणाच्या शेजारी बसून वाचत होते?

2. आपण देणगी दिली, पण रथात चढलो नाही, असे कुठे झाले आहे का?