पेशींची बोलाचाली आणि मेंदूतली गाठ



आपलं शरीर पेशींनी बनलेलं असतं, हे आपण वर्गात शिकवतो. पण या पेशी एकमेकींशी "बोलतात", हे सांगायचं बरेचदा राहून जातं. एक पेशी रासायनिक पदार्थ सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावरचा ग्राही तो पकडतो आणि आत निरोप पोचतो : वाढ, थांब, विभाजन कर. हा निरोप बिघडला तर काय होतं, ते लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेडुलोब्लास्टोमा या कर्करोगावरून समजून घेऊ.

निरोप कसा चालतो?

डोक्याच्या मागच्या बाजूला अनुमस्तिष्क असतं. तोल सांभाळणं हे त्याचं काम. बाळाच्या वाढीच्या काळात तिथल्या पुरकिंजे पेशी 'सॉनिक हेजहॉग' नावाचं प्रथिन सोडतात. ते मिळालं की शेजारच्या पूर्वपेशी भराभर विभागतात आणि त्यांच्यापासून चेतापेशी तयार होतात.

विहिरीवरची मोटर डोळ्यांसमोर आणा. पूर्वपेशीवरचा 'पॅच्ड' हा ग्राही म्हणजे बंद ठेवलेला स्टार्टर. हेजहॉग येऊन चिकटला की स्टार्टर दबतो, 'स्मूदन्ड' हे दुसरं प्रथिन मोकळं होतं आणि विभाजनाची जनुकं चालू होतात. निरोप थांबला की मोटर बंद.

बिघाड कुठे होतो?

पॅच्डच्या जनुकात दोष आला तर स्टार्टर चालू अवस्थेतच अडकतो. निरोप आलेला नसतानाही पेशी विभागतच राहते. वाफा भरून पाणी बांधाबाहेर जावं, तशी गाठ वाढते.

सगळ्या गाठी मात्र अशा नसतात. मेडुलोब्लास्टोमाचे चार मुख्य गट मानले जातात : डब्ल्यूएनटी, एसएचएच (म्हणजेच सॉनिक हेजहॉग), गट ३ आणि गट ४. डब्ल्यूएनटी गटातली मुलं उपचारांनी बरी होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्यामुळे गट ओळखणं महत्त्वाचं. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर (नवी मुंबई) येथील अॅक्ट्रेक संस्थेतल्या संशोधकांनी यासाठी चाचणी विकसित करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावरही ती करता येते.

स्मूदन्डला अडवणारी औषधंही आहेत. पण हाडांच्या वाढीलाही हाच निरोप लागतो, म्हणून वाढत्या मुलांमध्ये ती फार जपून वापरावी लागतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी हेच मुख्य उपचार आहेत.

गंमत म्हणजे हेजहॉग जनुकाचा शोध फळमाशीत लागला! क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८० मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. १९९५ चा नोबेल पुरस्कार त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासोबत विभागून मिळाला.

आपण काय पाहावं?

१) सकाळी उठल्याबरोबर डोकेदुखी आणि उलटी, तीही वारंवार.
२) चालताना झोक जाणं, नीट चालणारं मूल सारखं पडणं.
३) एकाचे दोन दिसणं, मान एका बाजूला कलती ठेवणं.
४) चांगलं अक्षर अचानक बिघडणं.

अशी लक्षणं बहुतेक वेळा साध्या कारणांनी असतात, तेव्हा घाबरू नका. पण ती टिकून राहिली किंवा वाढत गेली, तर "पित्त झालं असेल", "धांदरट झालाय", "अभ्यास टाळतोय" म्हणून सोडून देऊ नका. लवकर डॉक्टरांना दाखवा आणि काय काय दिसलं ते स्पष्ट सांगा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं तर त्यांच्याही कानावर घाला, पण त्यांची वाट पाहत थांबू नका. मूल दिवसातले पाच-सहा तास आपल्यासमोर असतं. घरी न जाणवलेला बदल आपल्याला दिसू शकतो.

वर्गात घेण्यासाठी कृती : मुलांना गोलात बसवा. हिरवी चिठ्ठी मिळालेल्याने उभं राहायचं, लाल मिळाली की बसायचं. मग एकाला सांगा, "तू लाल चिठ्ठी मानायचीच नाही." पुढे काय होतं, ते मुलांनाच सांगू द्या. निरोप बिघडणं म्हणजे काय, ते मुलांना लगेच कळेल. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हेही आवर्जून सांगा. म्हणजे उपचार घेऊन परतलेल्या मित्राशेजारी बसायला कुणी कचरणार नाही.

— एक प्राथमिक शिक्षक, इंझोरी, जि. वाशिम