वाटेवरचें पाणी

पेरण्या आटोपून आषाढी वारीस निघणाऱ्या शेतकरी बंधूंची संख्या मोठी आहे. आळंदीहून पुण्यास व तेथून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण या मार्गानें पंढरपुरास जातांना हंगाम नव्या पाण्याचा असतो व ओढे गढूळ वाहतात. टँकर वेळेवर मिळाल्यास प्रश्नच नाहीं. न मिळाल्यास कोणत्या पाण्यास कोणता उपाय करावा, याविषयीं लिहितों.

प्रथम माझी चूक सांगतों. एके वर्षीं नीरा ओलांडल्यावर आमच्या दिंडीस पाणी कमी पडलें. ओढ्याच्या पाण्यांत मीं तुरटी फिरविली; तासाभरांत तें आरशासारखें निवळलें. ‘खुशाल प्या,’ असें मींच सांगितलें. पुढें दोन दिवसांत अकरा जणांस जुलाब सुरू झाले व एका वृद्ध मावशींस इस्पितळांत ठेवावें लागलें. तुरटीनें गाळ बसतो, त्याबरोबर कांहीं जंतूही तळाशीं जातात. पण ती जंतू मारीत नाहीं. तिचें अर्धें काम मी पूर्ण समजलों.

तेव्हां गढूळ पाणी आधीं तुरटीनें निवळावें, अथवा जुन्या धुवट लुगड्याच्या आठ पदरांतून गाळावें. नव्या कापडापेक्षां जुनें बरें, कारण वापरानें त्याचीं छिद्रें बारीक होतात. बांगलादेशांत या गाळण्यानें पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यानें घटल्याचें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु निम्मे उरलेच! म्हणून गाळल्यावर पाणी उकळावें. खळखळ उकळी एक मिनिट राहिली कीं पुरे. हा सर्वांत खात्रीचा उपाय. मात्र पावसांत कोरडें सरपण कोठून आणावें?

तेथें क्लोरीनची गोळी उपयोगी. अर्ध्या ग्रॅमची गोळी साधारणतः २० लिटरांस पुरते. गोळ्या निरनिराळ्या मिळतात, म्हणून वेष्टनावरील प्रमाण अवश्य वाचावें. पाणी अर्धा तास झांकून ठेवावें. नंतर किंचित् वास राहिला पाहिजे. कित्येक शहाणे त्या वासासाठींच पाणी ओतून देतात! गढूळ पाण्यांत गोळी टाकणें व्यर्थ, कारण औषध गाळांतच खर्चीं पडतें. त्या मावशी पुढील वर्षींही दिंडींत होत्या. कळशी दिसली कीं विचारीत, “गोळी टाकलीस का रे?”

औषध फवारलेल्या उसांतून वाहून आलेलें पाणी मात्र कोणत्याही उपायानें पिण्याजोगें होत नाहीं. उकळल्यानें पाणी आटतें, विष तेवढेंच राहतें.

संकट घरींही येतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटलीं आणि पुण्याचा पाणीपुरवठा खंडित झाला. अशा वेळीं विहीरच आधार. पुराचें पाणी तींत शिरलें असल्यास आधीं उपसून टाकावें व नवें पाणी निवळूं द्यावें. मग हिशेब करावा (माझा जन्म त्यांतच गेला): विहिरीच्या व्यासाचा मीटरांतील वर्ग, गुणिलें पाण्याची खोली, गुणिलें ७८५, म्हणजे लिटर. व्यास ३ व खोली ४ मीटर असतां सुमारें २८,००० लिटर भरतात. दर हजार लिटर स्वच्छ पाण्यास अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे ७० ग्रॅम लागेल. ती बादलींत कालवून चुना तळाशीं बसूं द्यावा, वरची निवळी तेवढी विहिरींत सोडून पाणी ढवळावें व एक तास कोणासही पाणी काढूं देऊं नये. पावडर ताजी व बंद डब्यांतली असावी. दमट हवेंत उघडी राहिलेली पावडर नुसता चुनाच समजावी.