उन्हाळ्यात वाहनाचा डॅशबोर्ड चिकट होतो तेव्हा

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा वेळी उन्हात उभ्या असलेल्या जीपच्या डॅशबोर्डला हात लावता येत नाही. तो कितीही पुसला तरी चिकटच राहतो, अशी बऱ्याच शेतकरी बंधूंची तक्रार असते. हा केवळ धुळीचा दोष नव्हे. पी.व्ही.सी. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. उष्णतेमुळे ते हळूहळू वर येते व धूळ धरते. त्याचाच काही अंश समोरच्या काचेवर आतून बसतो. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश त्यावर पसरून रस्ता दिसेनासा होतो. तेव्हा डॅशबोर्डआधी काच आतून स्वच्छ करावी.

डॅशबोर्डसाठी सौम्य साबणाच्या पाण्यात सुती फडके बुडवून घट्ट पिळावे व पुसावे. नंतर साध्या ओल्या फडक्याने साबण काढून कोरडे करावे. पेट्रोल किंवा थिनर मुळीच वापरू नये, पृष्ठभाग खराब होतो. तेलकट पॉलिशने धूळ अधिकच बसते. काही वाहनांत वरचा मऊ थरच उष्णता व दमटपणाने विरघळू लागतो. तेथे पुसून उपयोग नाही, तो भाग बदलावा लागतो.

गाडी सावलीत लावावी, निदान काचेमागे पुठ्ठा ठेवावा. जाता जाता एक गोष्ट. रायझोबियमची पाकिटे डॅशबोर्डवर ठेवून गावी नेणारे अनेक जण मी पाहतो. त्या उष्णतेत जिवाणू मरतात आणि पुढे सोयाबीनच्या मुळांवर गाठी कमी आल्या की दोष पाकिटाला दिला जातो. पाकिटे ओल्या गोणपाटात गुंडाळून आसनाखाली सावलीत ठेवावीत.