दुहेरी विरामचिन्हे आणि पोथीवाचन

पोथीचे पान उघडिले असता अक्षरांच्या सलग ओळींत वाचकास पहिला आधार मिळतो तो दंडाचा. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह ही मंडळी एकोणिसाव्या शतकात छापखान्याच्या काळात इंग्रजीवरून मराठीत आली. त्या कामी मेजर कँडी यांचा वाटा मोठा. त्यापूर्वी एक दंड व दोन दंड यांवरच वाचनाचा बहुतेक भार होता.

एक दंड थांबवितो, दोन दंड पूर्ण करितात. आपले साती ग्रंथ ओवीबद्ध आहेत. नक्कल करिताना लिपिकाराने ओवीच्या मध्येच दुहेरी दंड देऊन अंक घातला, तर एका ओवीच्या दोन होतात व पुढील सर्व अंक सरकतात. मग दोन पोथ्या समोरासमोर ठेवून बसलेल्या अभ्यासकाची जी त्रेधा उडते, ती अनुभविल्यावाचून कळावयाची नाही.

संस्कृतातील अवग्रहाचे असेच आहे. 'तथाऽगतः' म्हणजे तसा न गेलेला. 'तथाऽऽगतः' म्हणजे तसा आलेला. एकेरी चिन्ह लुप्त 'अ' दाखविते, दुहेरी लुप्त 'आ'. उच्चार मात्र दोहोंचा एकच.

परंतु आपल्या दृष्टीने खरा विचार दुहेरी अवतरणचिन्हांचा आहे. सर्वज्ञांचे वचन ती श्रुती, श्रीनागदेवाचार्यांचे ती स्मृती, हा भेद आपण प्राणपणाने जपतो. केशिराजबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला तो सर्वज्ञांच्या वचनांचा. लीळेत 'सर्वज्ञें म्हणितलें' या शब्दांनी वचनाचा आरंभ कळतो; शेवट कोठे, हे हस्तलिखित चिन्हाने सांगत नाही. छापील प्रतीचा संपादक तेथे मिटते चिन्ह घालतो, आणि ते दोन शब्द पुढे पडले की म्हाइंभटांचे निवेदन श्रुती होऊन बसते. मागे पडले तर श्रुतीचा अंश निवेदनात जातो. उघडते चिन्ह परंपरेचे, मिटते संपादकाचे, असे म्हणावयास हरकत नाही! म्हणून छापील लीळा वाचताना मिटत्या चिन्हापाशी क्षणभर थांबावे, ते वचन सूत्रपाठात कोठवर घेतले आहे ते ताडून पाहावे, आणि मगच पाठ करावे.

हल्ली कोठे कोठे दोन-दोन उद्गारचिन्हेही दिसतात. पत्रात ती शोभत असतील. सर्वज्ञांच्या मुखी मात्र ती घालू नयेत. त्या वचनांचा स्वर मोजका आहे.