चिन्ह पाहू, नाव वाचू

मंडळी, निवडणूक आली की गावाला जत्रेची कळा येते. बेंबळीच्या वेशीतून कर्णा लावलेली रिक्षा फिरते. भिंती रंगतात. चौकात मोठाले फलक लागतात. पोरे रिक्षामागे धावतात. म्हातारी माणसे पारावर बसून ऐकतात आणि गालातल्या गालात हसतात.

हसण्याजोगे असतेच. प्रचार करणारा काही विनोद करायला आलेला नसतो. तो मते मागायला आलेला असतो. पण तो घाईत काही बोलून जातो, काही रंगवून जातो, आणि विनोद आपोआप होतो.

शिक्क्याचेच पाहा. ताई, माई, अक्का अशी हाक घालायची आणि शेवटी ‘शिक्का मारा’ म्हणायचे, ही प्रचाराची जुनी रीत. अक्का आणि शिक्का, यमक छान जुळते. पण आता शिक्का आहे कोठे?

१९५२ साली पहिली निवडणूक झाली. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतपत्रिका नुसती पेटीत टाकायची. १९६२ च्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायची रीत आली. पुढे यंत्र आले. २००४ पासून महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान यंत्रावर होते. शिक्का गेला, बटण आले. पण ‘अक्का’शी ‘बटण’ जुळत नाही. म्हणून कर्ण्यातला शिक्का काही जात नाही!

मग पारावरची एखादी आजी रिक्षातल्या पोराला विचारते,

“आरं लेकरा, शिक्का मारा म्हनायलास, पर शिक्का हाय कुटं? मागल्या बारीला म्या बटन दाबलं की.”

“आजी, बटनच दाबायचं. शिक्का नुसता म्हनायचा.”

“व्हय काय? मग रस्ता करतू, पानी आनतू म्हनायलाव, तेबी नुसतं म्हनायचंच हाय काय?”

सारा पार हसतो. पोरगाही हसतो. पण आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नसतो.

आता फलक पाहू. फलकावर मोठा फोटो असतो. त्याखाली लिहिलेले असते, ‘भावी आमदार’. भावी म्हणजे पुढे होणारा. एका मतदारसंघातून आमदार एकच निवडून जातो. पण एकाच चौकात तीन-तीन भावी आमदार हात जोडून उभे असतात. महाराष्ट्राच्या विधानसभेत निवडून येणाऱ्यांच्या जागा २८८ आहेत. फलकावरचे सगळे भावी आमदार खरे झाले, तर विधानभवनात उभे राहायलाही जागा उरायची नाही!

भिंतीही गंमत करतात. पुढारी पक्ष बदलतो. भिंतीवरच्या जुन्या चिन्हावर चुन्याचा हात फिरतो आणि वर नवे चिन्ह येते. चुना पातळ असला तर दोन्ही चिन्हे दिसतात. माणूस विसरतो, भिंत विसरत नाही.

चिन्ह झाकायला गेले तर काय होते, तेही ऐका. २०१२ साली उत्तर प्रदेशात विधानसभेची निवडणूक होती. तेथे एका पक्षाचे चिन्ह हत्ती आहे. लखनौ आणि नोएडा येथल्या बागांत हत्तींचे मोठमोठे पुतळे होते. त्यांच्यामुळे फुकट प्रचार होऊ नये म्हणून निवडणूक आयोगाने ते झाकायला सांगितले. पुतळे झाकले. मग काय, जो तो झाकलेला हत्ती बघू लागला! आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. तसेच झाले.

इथवर आपण हसलो. आता जरा थांबू.

निवडणुकीत चिन्हे का आली? पहिल्या निवडणुकीच्या वेळी बहुतेक लोकांना वाचता येत नव्हते. नाव वाचता आले नाही तरी बैलजोडी ओळखता येत होती, झोपडी ओळखता येत होती. चिन्हाचा मोठा आधार होता. पण दोन चिन्हे सारखी वाटली तर?

असे आपल्या राज्यात घडले. २०२४ साली शरद पवार यांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. दुसऱ्या काही उमेदवारांना नुसत्या वाद्याचे चिन्ह मिळाले. लोक त्याला पिपाणी म्हणत. त्या वर्षीच्या लोकसभेला त्या चिन्हाचे नावही ‘तुतारी’ असेच होते. कर्ण्यातून एकच आवाज येई, ‘तुतारी, तुतारी!’ कोणती तुतारी, ते कर्णा कसा सांगणार?

पुढे २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. आपल्याच जिल्ह्यातल्या परंडा मतदारसंघात धनुष्यबाणाचा उमेदवार १,५०९ मतांनी निवडून आला. तुतारीवाला माणूस या चिन्हाचा उमेदवार हरला. आणि पिपाणीला ४,४४६ मते पडली. ती सगळीच चुकून पडली असे नाही. ज्याला पिपाणीलाच मत द्यायचे होते, त्याने ते दिले. पण लोकांत चर्चा झाली ती झालीच.

कोण जिंकायला हवे होते, हा आपला प्रश्न नाही. आपला प्रश्न एवढाच, की माझे मत माझ्या मनातल्या माणसालाच गेले काय? ते चुकले तर पाच वर्षे थांबावे लागते.

आता आपल्याला अक्षर ओळखता येते. मग एवढे करू.

यंत्रावर चिन्ह पाहू. त्याच्याबरोबर नाव वाचू. सारख्या नावाचे उमेदवारही उभे राहतात. म्हणून २०१५ पासून नावाजवळ फोटो असतो. तोही पाहू.

बटण दाबले की शेजारच्या यंत्रात काचेमागे चिठ्ठी दिसते. ती सात सेकंद दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असते. घाई न करता ती वाचू.

घरी पत्रक आले तर तळाची बारीक अक्षरे वाचू. पत्रक कोणी छापले आणि कोणी काढले, त्यांची नावे व पत्ते तेथे असलेच पाहिजेत, असा कायदा आहे. नाव नसेल तर त्या पत्रकावर भरवसा ठेवू नये.

कर्णा ऐकावा, फलक पाहावा, हसू आले तर पोटभर हसावे. पण बटणावर बोट ठेवण्याआधी नाव वाचावे. वाचायला शिकलो ते याचसाठी.

प्रश्न
१. शिक्का गेला तरी कर्ण्यात तो का ऐकू येतो?
२. चिठ्ठी किती सेकंद दिसते? तिच्यावर काय असते?
३. तुमच्या घरी आलेले एखादे पत्रक घ्या. ते कोणी छापले, ते शोधून वाचा.